मरळीची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसायची, तिला रिकामं भांडं परत देता येत नसे. माझा जेवणाचा डबा तिच्याकडे राहिला, तर दुसऱ्या दिवशी तो भरूनच यायचा. कधी उकडलेले शिंगाडे, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे, घरात काहीच नसलं तर गुळाचा खडा. इथवर ठीक होतं. पण एकदा मी तिला पिपेटच्या टोकांचा निर्जंतुक केलेला डबा उसना दिला. तो परत आला तेव्हा आत पेपरमिंटची गोळी.

"अवं, हा निर्जंतुक डबा होता! गोळी काऊन टाकली यात?"

"मंग रिकामा कसा देऊ?" ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता.

तिचं घर गोरेगावजवळच्या खेड्यात. शेजारणीचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. रीत आमच्याकडेही तीच. पण गोंदियात खोली करून राहायला लागल्यापासून मी ती सोडून दिली होती. माझा स्वभाव तिखट, तिचा मऊ. मी तिला सारखी चिडवायची. तुला कुणी आख्खा तलाव उसना दिला तर त्यातही चिवडा भरून परत करशील, म्हणायची. ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची.

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. माशाच्या स्नायूचा बारीक तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या पेशी काचेच्या चपट्या बाटलीत, पोषक द्रावणात वाढवायच्या. बाटली भरली की थोड्या पेशी दुसऱ्या बाटलीत घालायच्या, ती भरली की तिसऱ्या. अशा वाढत, टिकत राहिल्या की त्यांची 'सेल लाइन' झाली. मग माशांच्या रोगावरचं औषध तपासायचं असो, की मांस कसं वाढतं हे बघायचं असो, दर वेळी नवा मासा मारावा लागत नाही. तिच्याकडे रोहू होता आणि माझ्याकडे मरळ. तिचं काम माझ्या आधी सुरू झालं होतं आणि झकास चाललं होतं. मला मात्र मरळीने रडकुंडीला आणलं होतं. बाजारातून आणलेल्या मरळीच्या पेशी बाटलीच्या तळाला धरतच नसत, आणि चुकून धरल्या तर बुरशी यायची. आमचे मार्गदर्शक सर गोंदिया शहरातले, हिंदीत बोलणारे. "मछली ताज़ी नहीं है बेटा," एवढंच म्हणून ते आपल्या खोलीत जात.

हे मी घरी फोनवर बोलले आणि विसरून गेले. पुढच्याच आठवड्यात कॉलेजच्या फाटकाशी बाबा उभे. हातात रंगाची जुनी प्लॅस्टिकची बादली, तिच्या तोंडावर ओलं पोतं बांधलेलं. आमचं गाव केशोरीच्या बाजूला. तिथून एसटी बदलत बदलत ते आले होते. पोतं सोडलं तर खाली वीतभर पाणी आणि त्यात हाताएवढी काळी मरळ. मरळ वरची हवा घेऊन जगते, म्हणून तेवढ्या पाण्यात तिने सगळा प्रवास काढला होता.

बाबा गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी सोडायचं, कुणाच्या नंतर, हे ठरवायचं आणि वर शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. त्यांचा अर्धा जन्म तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, गेला. मासे धरणं हे त्यांचं काम नव्हे, ते गावचे ढिवर करायचे. पण ही मरळ त्यांनी स्वतः चिखलात उतरून धरली होती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

"एसटीत लोक इचारून राहिले होते, काका, विकता काय?" ते म्हणाले. "मी म्हटलं, हे विकाची नाई. हे कॉलेजात शिकाले चालली."

मी मरळीला लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात सोडलं. त्याने मासा आधी सुस्तावतो, मग शांत होतो. बाबा काचेच्या दाराबाहेर स्टुलावर बसून सगळं बघत होते. मी शेपटीजवळचा तुकडा घेतला आणि बाहेर आले, तर त्यांनी लगेच विचारलं, बाकीच्या मरळीचं काय करशील. टाकावी लागेल म्हटलं, तेल लावलंय, खाता यायची नाही.

"येवढी मोठी मरळ टाकशील?"

ते मनापासून दुखावले. चहा अर्धाच ठेवला. दुपारच्या गाडीने परत गेले, जाताना बादली तेवढी मागून घेतली.

बांधीत धान रोवतात तसे मी त्या स्नायूचे बारीक तुकडे करून ओळीने बाटलीच्या तळाशी लावले. आमच्याकडे रोवणीच्या वेळी पाणी जास्त झालं तर रोप तरंगतं. इथेही तसंच, द्रावण जास्त झालं की तुकडे सुटतात. मी जेमतेम ओल राहील एवढंच द्रावण घातलं. काही दिवस काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एका तुकड्याच्या कडेने लांबट पेशी बाहेर सरकताना दिसल्या आणि मी वेड्यासारखी ओरडले. ती आपलं काम टाकून धावत आली आणि तिने पाहून मला मिठी मारली. मी लगेच घरी फोन लावला.

"बाबा, तुमची मरळ लागली!"

"लागली नं? मंग पानी सांभाळजो," ते म्हणाले. पाणी वाटणाऱ्या माणसाने दुसरं काय सांगावं.

पेशी पहिल्यांदा बाटलीभर झाल्या तेव्हा मी त्यातल्या थोड्या एका नळीत गोठवून द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवल्या. हात तेव्हा नवखा होता. ती नळी नीट गोठली असेल याचा मला भरवसा नव्हता, त्यामुळे तिच्याबद्दल मी कुणाला काही बोलले नाही आणि पुढे स्वतःही विसरले.

धान लोंबीवर आलं होतं तेव्हा बाबा गेले. पाळीवर बसले ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा मी बाटल्यांचं द्रावण बदलत होते. तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली, मला बसस्थानकावर नेलं, गाडीत बसवलं. खिडकीतून मी तिला एवढंच म्हणाले, की माझ्या बाटल्या बघ. "तू जा वं, मी आहो," ती म्हणाली.

तेरवी आटोपून मी परतले. गावात मी फारशी रडले नव्हते. आईला सांभाळायचं होतं, पाहुण्यांची उस्तवार होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट धरून ठेवल्यासारखी होती, की तिकडे बाबांची मरळ जिवंत आहे. प्रयोगशाळेत शिरताच तिने बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक बाटली भरलेली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी एकमेकींना लागून अशा दाट उभ्या होत्या की तळ दिसत नव्हता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, बाबांची मरळ वाढून राहिली वं. ती रडायला लागली. माझ्यापेक्षा जास्त रडली. किती मऊ मनाची आहे, असं मला वाटलं.

त्यानंतरचं वर्ष आणि वर काही महिने मी त्या पेशींवर जगले. आई फोनवर आधी त्यांचीच खुशाली विचारायची. गावभर झालं होतं की अमक्याची मरळ कॉलेजात बाटलीत वाढते. पाळीवर बसणारी म्हातारी माणसं आईला विचारायची, केवढी झाली? आई सांगायची, लई झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढला, तलाव आख्खा आटवला आणि पावसाळ्यात त्यात माशांचं विकतचं बीज सोडलं. आमच्या तलावातली जुनी मरळ आता माझ्या बाटलीतच उरली, असं मी आईला म्हणाले होते. हे मी फुशारकीने म्हणाले नव्हते. मला ते आधारासारखं होतं.

स्नायूच्या पेशींना उपाशी ठेवलं, म्हणजे द्रावणातला खुराक कमी केला, की त्या एकमेकींत मिसळून तंतू होतात. कधी कधी असा तंतू आपोआप आखडतो. माझ्या बाटलीत तो एकदा आखडला. मी सरांना बोलावलं, शिपायाला बोलावलं, शेजारच्या खोलीतल्या रसायनशास्त्राच्या मुलींना बोलावलं. सगळे पाहून गेले. ती तेवढी आपल्या टेबलावरून उठली नाही. "पाहीन मंग," म्हणाली आणि बाटल्या धूत राहिली. मला तेव्हा वाटलं, हिला हेवा वाटतोय. वाईटही वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

माझा प्रबंध लिहून होत आला. एक काम राहिलं होतं. या पेशी मरळीच्याच आहेत, याचा डीएनएवरून पुरावा जोडायचा होता. रीतीप्रमाणे नमुना बाहेर पाठवला. उत्तर आलं तेव्हा सरांनी मला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. ते एरवी कुणाला बसायला सांगत नसत.

"बेटा, ये तो रोहू है."

मी भांडले. त्यांच्याकडे नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणाले. पुन्हा पाठवला. पुन्हा रोहू. मग मी प्रयोगशाळेतल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला. शिपायाला बोलले, धुणाऱ्या बाईला बोलले, नको नको ते बोलले. तिला मात्र काहीच बोलले नाही. उलट तिच्याजवळच बसून मी सगळ्यांचे दोष काढत होते आणि ती खाली मान घालून ऐकत होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच ती स्कूटी घेऊन माझ्या खोलीवर आली. "नागऱ्याले चाल," म्हणाली. मला वाटलं, माझं मन शांत व्हावं म्हणून देवाला नेतेय. महादेवाचं दर्शन झालं आणि बाहेर झाडाखाली बसलो, तेव्हा तिने सांगितलं.

"तू गावाले गेली अन् बाटल्यात बुरशी आली. सगळ्यात. कापसावानी पांढरी. मी औषध टाकून पाहिलं, पानी बदलून पाहिलं. नाई वाचल्या. तू बापाले जाळून येऊन राहिली होती. तुह्या हातात रिकाम्या बाटल्या कशा देऊ? मंग मी माह्या रोहूच्या टाकल्या."

ती खाली बघतच पुढे सांगत राहिली.

"वाटलं, तू जराशी सावरली का सांगीन. पन तू तं त्या पाहून रडली. म्हणाली, बाबांची मरळ. मंग मले तोंडच नाई उघडता आलं."

मला राग येतो तेव्हा मी ओरडते, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ओरडले नाही. देवापुढे आणून सांगितलंस म्हणजे सुटलीस असं समजू नकोस, एवढं कसंबसं म्हणाले आणि ऑटो करून परत आले. प्रबंध गेला याचं दुःख होतंच. पण मला जाळत होतं ते वेगळं. इतके महिने मी रोज सकाळी एका परक्या माशाला बाबांचं म्हणून जपत होते, आणि शेजारी बसून ती ते बघत होती.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "जो है, वही लिखना पड़ेगा," ते म्हणाले. म्हणजे काम पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाले, "तुम कहो तो उसको यहाँ से हटा देता हूँ." मी म्हटलं, गावाहून येऊन सांगते. तिला हे कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी ती आपलं टेबल आवरताना दिसली. मला तिची दया आली नाही.

आईला सांगायचं, हेच मला सगळ्यात कठीण होतं. ती पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी एका दमात सांगून टाकलं. मरळ केव्हाच मेली, बाटलीत रोहू होता, तिने फसवलं. आईने तांदळातला खडा काढून अंगणात फेकला.

"काऊन टाकला म्हनते तिनं रोहू?"

"रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून," मी चिडून म्हणाले.

आईचे हात थांबले. सूप तिने बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सुतकात भांडं रिकामंच जाते. तुह्या बाबाच्या वेळी लोकायनं जेवन आनलं, त्यायचे डबे मी रिकामेच धाडले. भरून नाई देत. दुःखाचं भांडं भरत नाईत."

हे मला माहीत होतं. ते डबे मीच धुतले होते.

"तिच्या घरी अजून कोनी मेलं नसन," आई म्हणाली. "म्हनून तिले मालूम नाई."

आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. माझा राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा ते कळेना.

गोंदियाला परतल्यावर मी सरांना सांगितलं, तिला हटवू नका. त्याच दिवशी, सगळं पहिल्यापासून सुरू करायचं म्हणून नायट्रोजनचा कॅन तपासत असताना ती जुनी नळी हाताला लागली. बाबा असताना गोठवलेली. तिच्यावर माझंच तेव्हाचं कच्चं अक्षर होतं. बाबांच्या मरळीचं जगात जे काही शिल्लक होतं, ते त्या करंगळीएवढ्या नळीत होतं. आणि असं काही वितळवायचं झालं, तर आमच्याकडे सगळ्यात चांगला हात तिचा. मी नळी तिच्या टेबलावर नेली. आम्ही फारसं न बोलता ती वितळवली, धुतली, नव्या द्रावणात सोडली. दुसऱ्या दिवशी तळाला मोजक्या पेशी धरलेल्या दिसल्या. त्यांतल्या किती खरोखर जिवंत, ते सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मला जाणं भाग होतं. सर म्हणाले, बाटली मी बघतो. मी नको म्हटलं. ती बाटली मी तिच्या हातात दिली.

ती मागे सरकली. "मले नको देऊ."

"घे," मी म्हणाले. "जगल्या तर जगलेल्या दे. मेल्या तर बाटली रिकामी दे. सुतकाचं भांडं आहे ते. त्यात काही भरत नाहीत."

"हे मले कोनी सांगितलं नाई," ती अगदी हळू म्हणाली. मग तिने बाटली घेतली.

ऑपरेशन नीट झालं. आईच्या डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत मी गावी होते. या वेळी मी एकदाही फोन करून पेशींचं विचारलं नाही, आणि तिनेही केला नाही. एसटीत खिडकीशी बसून येताना मला सारखं वाटत होतं, की बाटली भरलेली असेल. आणि भरलेली असली, तर मी तिच्यावर विश्वास ठेवू शकेन का, हेही वाटत होतं. मग आपण काय मागतोय, तेच मला कळेना.

ती फाटकाशी उभी होती. बाबा बादली घेऊन जिथे उभे होते, जवळपास तिथेच. हातात ती बाटली. धुतलेली, पुसलेली, कोरडी. तिने झाकण उघडून मला आत दाखवलं.

"नाई वाचल्या," ती म्हणाली. "लई केलं मी. नाई वाचल्या. मी काही टाकलं नाई यात."

तिने बाटली तशीच पुढे धरली. मी ती दोन्ही हातांनी घेतली. तिला वजनच नव्हतं. बाबा गेले, हे मला सरण पेटलं तेव्हा कळलं नव्हतं, तेरवीला कळलं नव्हतं, नंतरचं सगळं वर्ष कळलं नव्हतं. ते तिथे, कॉलेजच्या फाटकाशी कळलं. मुलं येत-जात होती, शिपाई बघत होता, आणि मी रस्त्यावर उभी राहून मोठ्याने रडले. या वेळी ती रडली नाही. मला धरून उभी राहिली.